क्यूबचा आकडा चुकतो किंवा रिपोर्ट अडकतो तेव्हा: डिझाइनपासून रिपोर्टपर्यंत तपासणीचा क्रम

क्यूब म्हणजे विश्लेषणासाठी बेरजांच्या सोयीने मांडून ठेवलेला डेटा. त्यावरच्या रिपोर्टमधला आकडा चुकला की बहुतेक जण रिपोर्टच उघडून बसतात. फिल्टर बदलतात, एखादी अट वाढवतात, नाहीतर एमडीएक्समध्ये, म्हणजे क्यूबला प्रश्न विचारायच्या भाषेत, एक ‘आयआयएफ’ (जर-तर अट) घालून तेवढा आकडा जुळवून घेतात. तो रिपोर्ट बरोबर दिसू लागतो, आणि काही दिवसांनी त्याच क्यूबवरचा दुसरा रिपोर्ट भलतंच सांगतो. मूळ बिघाड फॅक्ट टेबलात (व्यवहारांच्या आकड्यांचं टेबल), डायमेन्शनच्या (तारीख, उत्पादन अशी आकडा पाहण्याची बाजू) कीमध्ये (ओळख पटवणारं मूल्य) किंवा रात्रीच्या प्रोसेसिंगमध्ये (क्यूबमध्ये डेटा भरणं) तसाच राहिलेला असतो. बिघाड दिसतो वरच्या थरात, होतो खालच्या थरात. म्हणून शोध खालून वर घ्यायचा आणि दुरुस्तीही जमेल तितक्या खालच्या थरात करायची.

इथले टप्पे मुख्यतः एसक्यूएल सर्व्हर ॲनालिसिस सर्व्हिसेसच्या मल्टिडायमेन्शनल क्यूबसाठी आहेत. टॅब्युलर आणि पॉवर बीआय मॉडेलमध्ये जे वेगळं पडतं ते सातव्या टप्प्यात आहे. टप्पे याच क्रमाने घ्या. दुसरा आणि तिसरा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून थेट सहाव्यावर उडी मारली जाते, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

## हात लावण्याआधीची तयारी

एक सेल पकडा. ‘विक्रीचा रिपोर्ट चुकतोय’ ही तक्रार तपासता येत नाही. वापरणाऱ्याकडून एकच आकडा मागा आणि त्याचा पूर्ण पत्ता लिहून घ्या: कोणतं मेजर (मोजायचा आकडा, जसं विक्री), कोणती तारीख, कोणतं उत्पादन, कोणते फिल्टर, कोणत्या लॉगिनने, किती वाजता पाहिला आणि अपेक्षित आकडा कुठून आला. यातलं ‘लॉगिन’ हटकून राहून जातं. एकाच रिपोर्टमध्ये दोघांना वेगळे आकडे दिसत असतील तर आधी रोल (कुणाला काय दिसावं हे ठरवणारे हक्क) पाहायचे असतात, गणित नंतर.

पडताळणीची क्वेरी लिहा. त्याच सेलची बेरीज थेट फॅक्ट टेबलवरून काढणारी साधी एसक्यूएल क्वेरी. तिच्यात कमीत कमी जॉइन (टेबलांची जोडणी) ठेवा. जॉइनमुळेच ओळी वाढत किंवा गळत असतील तर ती क्वेरीही तीच चूक करेल आणि दोन चुकीचे आकडे जुळल्याचं समाधान मिळेल.

साधनं. मॅनेजमेंट स्टुडिओ, प्रोफायलर किंवा एक्स्टेंडेड इव्हेंट्स, आणि क्यूबचा व्हिज्युअल स्टुडिओ प्रोजेक्ट. ट्रेस, म्हणजे सर्व्हरवर काय चाललंय याची नोंद, लावायला ॲनालिसिस सर्व्हिसेसचा सर्व्हर ॲडमिन हक्क लागतो. तो आधीच मागून ठेवा. दुरुस्तीसाठी क्यूबची वेगळी प्रत हवी, आणि तिच्यातला डेटा खऱ्या क्यूबएवढाच हवा. नमुन्यादाखल थोड्या ओळी घेऊन वेग तपासण्यात काही अर्थ नसतो.

> सावध: सर्व्हरवरचा क्यूब आणि तुमच्याकडचा प्रोजेक्ट एकच आहेत असं गृहीत धरू नका. कुणीतरी थेट सर्व्हरवर पार्टिशन (क्यूबमधल्या डेटाचे तुकडे) किंवा रोल वाढवलेले असू शकतात. व्हिज्युअल स्टुडिओतून सरळ डिप्लॉय केलं (प्रोजेक्ट सर्व्हरवर चढवला) की ते पुसले जातात. डिप्लॉयमेंट विझार्ड वापरा आणि पार्टिशन व रोल ‘आहेत तसे राखा’ हे पर्याय निवडा.

## टप्पा १: चुकीचा आकडा आणि उशिरा येणारा आकडा वेगळे करा

दोन्ही तक्रारी एकत्र आल्या तर आधी चूक, मग वेग. आकडा दुरुस्त करताना फॅक्ट टेबलचं ग्रेन (एक ओळ नेमकी कशाची), मेजर ग्रुप (एका फॅक्ट टेबलावरची मेजर) किंवा ॲट्रिब्यूट रिलेशनशिप (डायमेन्शनच्या गुणधर्मांमधलं नातं) बदलू शकते, आणि तसं झालं की आधी बसवलेले पार्टिशन नि ॲग्रिगेशन (आधीच काढून ठेवलेल्या बेरजा) सगळे पुन्हा करावे लागतात.

पकडलेला सेल तीन ठिकाणी वाचा: पडताळणीच्या क्वेरीत, मॅनेजमेंट स्टुडिओत हाताने लिहिलेल्या एमडीएक्समध्ये, आणि रिपोर्टमध्ये.

- एसक्यूएल आणि एमडीएक्स जुळत नाहीत: टप्पे २ ते ५.
- ते दोन्ही जुळतात, रिपोर्ट जुळत नाही: सरळ टप्पा ८.
- तिन्ही जुळतात, तरी वापरणारा ‘चूक’ म्हणतो: व्याख्येचा वाद आहे. परताव्याची रक्कम वजा करायची का, तारीख ऑर्डरची की बिलाची, हे संबंधित खात्याकडून लेखी घ्या. त्याआधी क्यूबला हात लावू नका.

## टप्पा २: ग्रेन एका वाक्यात लिहा

प्रत्येक फॅक्ट टेबलसाठी एक वाक्य पूर्ण करा: ‘या टेबलातली एक ओळ म्हणजे…’. ‘एका बिलावरचं एक उत्पादन’, ‘एका गोदामातल्या एका वस्तूचा दिवसअखेरचा साठा’. वाक्यात ‘किंवा’ आला तर टेबलात दोन ग्रेन मिसळले आहेत आणि बेरीज कधीच भरवशाची होणार नाही.

वाक्य लिहून झालं की ते खरं आहे का ते तपासा. एकूण ओळी मोजा, मग वाक्यातल्या कॉलमांच्या वेगवेगळ्या जोड्या मोजा. दोन्ही संख्या सारख्याच यायला हव्यात. जोड्या कमी भरल्या तर काही ओळी दुहेरी आहेत किंवा वाक्य चुकलं आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी. बिलाच्या एकूण रकमेवर वाहतूक खर्च आहे, आणि तो कॉलम बिलाच्या ओळींच्या टेबलात जॉइनने आणला आहे. बिलावर पाच ओळी असतील तर खर्च पाचदा मोजला जातो. रिपोर्टमध्ये ‘डिस्टिंक्ट’ (सारखी मूल्यं एकदाच घेणं) लावून हे सुटत नाही, कारण दोन वेगळ्या बिलांचा खर्च योगायोगाने सारखा असला की त्यातला एक गळतो. उपाय दोनच: वाहतूक खर्चाचा मेजर ग्रुप बिलाच्या ग्रेनवर वेगळा करा, किंवा ईटीएलमध्येच (मूळ प्रणालीतून डेटा आणून टेबलांत भरण्याच्या पायरीवरच) तो ओळींवर ठरलेल्या नियमाने वाटून टाका. उत्पादनानुसार खर्च कुणाला पाहायचाच नसेल तर पहिला पर्याय निवडा. वाटणीचा नियम आणला की त्यावर वाद येतातच.

वेगवेगळ्या ग्रेनचे मेजर ग्रुप एका क्यूबमध्ये आले की ‘डायमेन्शन युसेज’ हा टॅब ओळ न ओळ वाचा. महिन्याचं उद्दिष्ट तारखेच्या डायमेन्शनला जोडायचं असेल तर ग्रॅन्युलॅरिटी ॲट्रिब्यूट म्हणून ‘महिना’ निवडावा लागतो. मग महिन्याशी रिलेशनशिपने जोडलेले तिमाही आणि वर्ष एवढेच त्या मेजरला लागू होतात. महिना ते वर्ष ही रिलेशनशिप नसेल तर वर्षाची बेरीजच चुकते, आणि पाहणाऱ्याला उद्दिष्टाचा डेटाच चुकीचा वाटतो.

> तपासणी: सगळ्या ओळींसमोर तोच एक मोठा आकडा पुन्हा पुन्हा दिसतोय? ते डायमेन्शन त्या मेजर ग्रुपला जोडलेलं नाही. ‘इग्नोअर अनरिलेटेड डायमेन्शन्स’ ही मेजर ग्रुपची प्रॉपर्टी मुळात ‘ट्रू’ असते, म्हणून एकूण बेरीज प्रत्येक ओळीवर उमटते. ती ‘फॉल्स’ केली की तिथे रिकामी जागा येते. वाचणाऱ्याची फसगत होत नाही, म्हणून ‘फॉल्स’ ठेवलेलं बरं.

## टप्पा ३: डायमेन्शन, की आणि ॲट्रिब्यूट रिलेशनशिप

या टप्प्यावर घाई करू नका. आकडा चुकण्याची आणि क्वेरी संथ होण्याची बरीच मोठी कारणं इथेच असतात.

### की आणि नाव वेगळे ठेवा

‘मार्च’ ही महिन्याची की होऊ शकत नाही. दरवर्षी मार्च येतो, आणि सगळे मार्च एकाच सदस्यात (डायमेन्शनमधल्या एका नोंदीत) जमा होतात. की म्हणून वर्ष आणि महिना मिळून ठेवा: दोन कॉलमांची एकत्र की, किंवा २०२४०३ असा एक पूर्णांक. ‘मार्च २०२४’ हे नाव फक्त दाखवण्यासाठी. क्रमवारी कीनुसार लावा, नाहीतर महिने बाराखडीच्या क्रमाने लागतील.

प्रोसेसिंगमध्ये ‘डुप्लिकेट ॲट्रिब्यूट की’ अशी एरर आली तर या क्रमाने पाहा:

1. वर सांगितलेली महिन्यासारखी की, जी तिच्या पालकाशिवाय एकमेव नाही.
2. कॉलममध्ये नल (मूल्यच नसणं) आणि रिकामा मजकूर दोन्ही आहेत. प्रोसेसिंग मजकुराच्या कॉलममधला नल रिकाम्या मजकुरात बदलतं, त्यामुळे दोन्ही एकच होतात.
3. शेवटी सुटलेल्या मोकळ्या जागा.
4. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक. डेटाबेस आणि क्यूब यांचं कोलेशन (अक्षरं ताडून पाहण्याचे नियम) वेगळं असेल तर डेटाबेसला जे दोन वाटतात ते क्यूबला एक वाटतात.

हे चारही डेटा स्वच्छ करण्याच्या पायरीवर किंवा व्ह्यूमध्ये (डेटाबेसमध्ये साठवलेल्या क्वेरीत) सुधारा. एरर कॉन्फिगरेशनमध्ये ‘की डुप्लिकेट’वर ‘इग्नोअर’ लावून पुढे जाणं म्हणजे चूक दिसणं बंद करणं. सदस्य कुठल्या तरी एका पालकाखाली जातो आणि त्याची रक्कम गुपचूप तिकडे सरकते.

### रिलेशनशिप खरी आहे का

तारीख → महिना → तिमाही → वर्ष ही साखळी खरी आहे, कारण प्रत्येक खालच्या सदस्याला वरचा एकच आहे. आठवडा → महिना ही खोटी आहे. आठवडा दोन महिन्यांत पसरतो. आठवड्याची वेगळी हायरार्की (पातळ्यांची उतरंड) करा.

प्रत्येक रिलेशनशिपसाठी एक छोटी क्वेरी पुरते: खालच्या कीनुसार गट पाडा, वरच्या कीचे वेगवेगळे नग मोजा, एकाहून जास्त असतील तेवढेच दाखवा. उत्तर रिकामं आलं पाहिजे. एकही ओळ आली तर ती रिलेशनशिप काढा किंवा की दुरुस्त करा.

उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची: सगळे ॲट्रिब्यूट थेट मूळ कीला जोडून मोकळं होणं. आकडे बरोबर येतात, पण वर्षाची बेरीज महिन्यांच्या ॲग्रिगेशनवरून काढता येते हे इंजिनला कळत नाही. ते प्रत्येक वेळी तळापर्यंत जातं.

रिलेशनशिपचा प्रकारही ठरवा. तारखेचा महिना कधी बदलत नाही, तिथे ‘रिजिड’. ग्राहकाचा विभाग बदलू शकतो, तिथे ‘फ्लेक्सिबल’. ‘रिजिड’ लावलेल्या ठिकाणी मूल्य बदललं तर ‘प्रोसेस अपडेट’ एरर देऊन थांबतं.

### न सापडलेली की

फॅक्टमध्ये आहे पण डायमेन्शनमध्ये नाही अशी की आली तर प्रोसेसिंग थांबतं. ते थांबू नये म्हणून ‘कन्व्हर्ट टू अननोन’ लावलं जातं आणि अननोन सदस्य ‘हिडन’ ठेवला जातो. मग एकूण बेरजेत ती रक्कम असते, ओळींमध्ये नसते, आणि ‘ओळींची बेरीज जुळत नाही’ अशी तक्रार येते. त्यापेक्षा डायमेन्शन टेबलातच उणे १ कीची ‘अज्ञात’ ओळ ठेवा आणि ईटीएलने न जुळलेल्या ओळी तिकडे वळवाव्यात. रक्कम सगळ्यांना दिसते, आणि दिसते म्हणूनच कुणीतरी तिचा पाठपुरावा करतं.

इतिहास जपणाऱ्या डायमेन्शनमध्ये, म्हणजे एससीडी प्रकार २ मध्ये, एकाच ग्राहकाच्या अनेक ओळी असतात. ग्राहकसंख्या सरोगेट कीवर (टेबलातल्या प्रत्येक ओळीला दिलेल्या कृत्रिम क्रमांकावर) मोजली तर फुगते. मूळ प्रणालीतला ग्राहक क्रमांक वेगळं ॲट्रिब्यूट म्हणून आणा आणि मोजणी त्यावर करा.

## टप्पा ४: मेजरची बेरीज कशी व्हायला हवी

प्रत्येक मेजरसमोर लिहा: वेळेत बेरीज होते का, बाकी डायमेन्शनांत होते का. विक्री दोन्हीकडे होते. साठा गोदामांत होतो, वेळेत नाही. टक्केवारी कुठेच होत नाही. ती फॅक्ट टेबलात साठवूच नका. अंश आणि छेद वेगळे ठेवा आणि भागाकार कॅल्क्युलेटेड मेजरमध्ये करा. ओळींच्या टक्केवारीची सरासरी आणि एकूणची टक्केवारी हे वेगळे आकडे आहेत.

साठ्यासाठी ‘लास्ट नॉन एम्प्टी’ (शेवटचं भरलेलं मूल्य घेण्याची पद्धत) वापरताना एक खाच लक्षात ठेवा. शेवटची भरलेली तारीख ही त्या-त्या सेलसाठी ठरते. एका वस्तूची शेवटची नोंद २८ तारखेची आणि बाकीच्यांची ३१ ची असेल, तर त्या वस्तूच्या ओळीत २८ चा साठा दिसतो. पण ‘सर्व वस्तू’ या ओळीसाठी शेवटची भरलेली तारीख ३१ असते, आणि त्या दिवशी ही वस्तू नाहीच. बेरीज कमी पडते. उपाय डेटामध्येच आहे: रोजच्या स्नॅपशॉटमध्ये प्रत्येक वस्तूची ओळ हवी, साठा शून्य असला तरी. शिवाय तारखेच्या डायमेन्शनचा प्रकार ‘टाइम’ असल्याची खात्री करा.

‘डिस्टिंक्ट काउंट’ला (वेगवेगळ्या मूल्यांच्या मोजणीला) नेहमी स्वतंत्र मेजर ग्रुप द्या. तो साध्या बेरजांबरोबर ठेवला तर त्यांचंही काम जड होतं.

> तपासणी: रिपोर्टमध्ये शून्यांच्या ओळीच ओळी येतात आणि ‘नॉन एम्प्टी’ (रिकाम्या ओळी गाळणं) लावूनही जात नाहीत? मेजरची ‘नल प्रोसेसिंग’ पाहा. ती ‘ऑटोमॅटिक’ असेल तर नलचं शून्य होतं, आणि शून्य म्हणजे रिकामं नव्हे. ‘प्रिझर्व्ह’ केल्यावर नल नलच राहतो.

## टप्पा ५: प्रोसेसिंगचा क्रम

क्रम ठरलेला आहे, तो उलटा करू नका:

1. फॅक्ट आणि डायमेन्शन टेबलं भरून पूर्ण झाली याची खात्री.
2. डायमेन्शनवर ‘प्रोसेस अपडेट’.
3. बदललेल्या पार्टिशनांवर ‘प्रोसेस डेटा’.
4. सगळ्या पार्टिशनांवर ‘प्रोसेस इंडेक्सेस’.

चौथी पायरी हमखास गळते. डायमेन्शनमधल्या बदलांमुळे ‘प्रोसेस अपडेट’ फ्लेक्सिबल ॲग्रिगेशन टाकून देतं, ज्या पार्टिशनना हात लावलेला नाही त्यांचीही. आकडे बरोबर येत राहतात, एरर कुठेच नसते, फक्त सकाळपासून सगळं संथ होतं. ‘काल चांगलं चालत होतं’ अशी तक्रार आली तर आधी इथे पाहा.

> सावध: डायमेन्शनवर ‘प्रोसेस फुल’ केलं की ते वापरणारे सगळे मेजर ग्रुप अनप्रोसेस्ड होतात आणि सगळा डेटा पुन्हा भरावा लागतो. कामाच्या वेळेत हे कधीही करू नका.

पार्टिशनच्या अटी शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकीत ‘३१ तारखेपर्यंत, ३१ धरून’ आणि पुढचीत ‘३१ पासून, ३१ धरून’ असेल तर तो एक दिवस दोनदा मोजला जातो. दोन्हीकडे ‘वगळून’ असेल तर तो दिवस नाहीसा होतो. खालची हद्द धरून, वरची वगळून, हा एकच नियम सगळीकडे ठेवा. ‘प्रोसेस ॲड’ दोनदा चाललं तर त्याच ओळी दोनदा शिरतात. ते काही त्या ओळी आधीच आहेत का हे तपासत नाही.

‘की सापडत नाही’ ही एरर कधी येते आणि कधी येत नाही, अशी असेल तर डेटा शोधत बसू नका, वेळ पाहा. डायमेन्शन प्रोसेस झाल्यानंतर आणि पार्टिशन वाचलं जाण्याआधी फॅक्टमध्ये नवी ओळ आलेली असते. प्रोसेसिंग संपेपर्यंत लोडिंग थांबवा किंवा दोन्ही वाचन एकाच स्नॅपशॉटवरून (डेटाच्या एकाच क्षणीच्या प्रतीवरून) करा.

> तपासणी: क्यूबमध्ये एक साधं ‘काउंट’ मेजर ठेवा. प्रोसेसिंगनंतर महिन्यानुसार त्याचा आकडा आणि फॅक्ट टेबलच्या ओळी आपोआप ताडून पाहणारा जॉब लावा. दुहेरी मोजणी आणि गळती दोन्ही त्याच दिवशी कळतात.

## टप्पा ६: संथ क्वेरी: आधी मोजा, मग बदला

एमडीएक्स क्वेरी दोन इंजिनांतून जाते. स्टोरेज इंजिन पार्टिशन वाचून बेरजा आणतं आणि अनेक थ्रेडवर (समांतर) काम करतं. फॉर्म्युला इंजिन गणितं करतं आणि एका क्वेरीसाठी एकाच थ्रेडवर चालतं. वेळ कुठे जातो हे कळल्याशिवाय केलेला कोणताही उपाय म्हणजे अंदाज. फॉर्म्युला इंजिन अडलं असेल तर ॲग्रिगेशन वाढवून किंवा जास्त कोअरचा सर्व्हर घेऊन ती क्वेरी तसूभरही सुधारत नाही.

मोजायची पद्धत:

1. एक्सएमएलएच्या (सर्व्हरला आज्ञा देण्याच्या भाषेतल्या) ‘क्लिअर कॅश’ने त्या डेटाबेसची कॅश (तात्पुरते जपलेले निकाल) रिकामी करा.
2. काहीही न मागणारी एक रिकामी क्वेरी चालवा. कॅल्क्युलेशन स्क्रिप्ट तेव्हाच लोड होते आणि तिचा वेळ मोजमापात मिसळत नाही.
3. ट्रेस सुरू करा: क्वेरी बिगिन, क्वेरी एंड, क्वेरी सबक्यूब व्हर्बोज, गेट डेटा फ्रॉम ॲग्रिगेशन, प्रोग्रेस रिपोर्ट बिगिन आणि एंड.
4. संशयित क्वेरी चालवा. ‘क्वेरी एंड’चा एकूण वेळ आणि सबक्यूबांचा (स्टोरेज इंजिनाकडे गेलेल्या मागण्यांचा) वेळ ताडून पाहा.
5. कॅश न पुसता तीच क्वेरी पुन्हा चालवा.

सबक्यूबांनीच बहुतेक वेळ खाल्ला तर स्टोरेज. उरलेला वेळ मोठा असेल तर फॉर्म्युला. हजारो बारीक सबक्यूब येत असतील तर गणित एकेका सेलवर चालू आहे. दुसऱ्यांदा चालवूनही वेळ तेवढाच लागला तर निकाल कॅशमध्ये राहत नाही. कॅल्क्युलेटेड मेंबर क्वेरीच्या ‘विथ’ भागात लिहिला असेल तर त्याची कॅश त्या क्वेरीपुरतीच असते. वारंवार लागणारं गणित क्यूबच्या स्क्रिप्टमध्ये हलवा.

### स्टोरेज अडत असेल तर

प्रोग्रेस रिपोर्टमध्ये किती पार्टिशन वाचले गेले ते पाहा. एका महिन्याच्या क्वेरीने सगळे पार्टिशन उघडले असतील तर विभागणी क्वेरीच्या सवयीशी जुळत नाही. बहुतेक ठिकाणी महिन्यानुसार पार्टिशन योग्य ठरतं. पण फार बारीकही करू नका: ४०९६ पेक्षा कमी ओळींच्या पार्टिशनवर मूळ सेटिंगमध्ये इंडेक्स बांधलाच जात नाही.

ॲग्रिगेशनची सुरुवात विझार्डने करा, पण त्याआधी सदस्यसंख्या ताज्या करा. जुन्या संख्यांवर विझार्ड चुकीची ॲग्रिगेशन निवडतो. फायद्याचं प्रमाण २० ते ३० टक्के ठेवलं तरी सुरुवातीला पुरे. मग क्वेरी लॉग चालू करून खऱ्या वापरावरून ‘युसेज बेस्ड’ ॲग्रिगेशन घ्या. लॉग मुळात दर दहातली एकच क्वेरी नोंदवतो. वापर कमी असेल तर हे प्रमाण बदला.

### फॉर्म्युला अडत असेल तर

- ‘आयआयएफ’मध्ये ‘नाहीतर शून्य’ असेल तिथे ‘नाहीतर नल’ करा. शून्य दिलं की रिकामी जागाही भरलेली ठरते, प्रत्येक सेल मोजला जातो आणि ‘नॉन एम्प्टी’ला गाळायला काही उरत नाही. हा एकच बदल कितीतरी रिपोर्ट सोडवतो.
- मोठ्या क्रॉसजॉइनवर (सदस्यांच्या सगळ्या जोड्यांवर) ‘फिल्टर’ लावण्याआधी ‘नॉनएम्प्टी’ फंक्शनने संच लहान करा, आणि त्याला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून मेजर नक्की द्या. नाही दिला तर संदर्भात असेल ते, बहुधा क्यूबचं डिफॉल्ट, मेजर धरलं जातं आणि भलत्याच ओळी गळतात.
- मजकुरातून सदस्य बनवणारी ‘एसटीआर टू मेंबर’सारखी फंक्शनं गणिताच्या आत वापरू नका.
- ‘नॉन एम्प्टी बिहेव्हियर’ ही प्रॉपर्टी वेगासाठी लावलेली दिसली तर संशयाने पाहा. ती चुकीच्या मेजरकडे दाखवत असेल तर आकडे सरळ चुकतात, एररशिवाय.

वेळेच्या तुलनेतही दोन सापळे आहेत. ‘पॅरलल पिरियड’ (मागच्या वर्षीचा तोच काळ शोधणारं फंक्शन) तारखेचं मूल्य पाहत नाही, पालकाखालचं स्थान पाहतो. तारखेच्या डायमेन्शनमध्ये पहिलं वर्ष अर्धवट असेल तर जुळणी सरकते. पूर्ण वर्षंच भरा. दुसरा: एक्सेल फिल्टरसाठी सबसिलेक्ट (क्वेरीच्या आतली निवड) वापरतं. वापरणाऱ्याने तीन महिने निवडले तरी ‘करंट मेंबर’ला ते दिसत नाहीत, तो ‘सर्व’वरच राहतो. निवडलेल्या महिन्यांवर आधारलेलं गणित हवं असेल तर डायनॅमिक नेम्ड सेट वापरा. त्याला सबसिलेक्ट दिसतो.

## टप्पा ७: टॅब्युलर आणि पॉवर बीआय मॉडेलमध्ये काय वेगळं

ग्रेन आणि कीचे नियम तेच. इथे ॲग्रिगेशनपेक्षा कॉलममधल्या वेगळ्या मूल्यांची संख्या महत्त्वाची, कारण साठवण कॉलमनुसार दाबलेली असते. तारीख आणि वेळ एकाच कॉलममध्ये सेकंदापर्यंत असेल तर दोन कॉलम करा, आणि सेकंद लागत नसतील तर टाकून द्या. कुणी वापरत नाही असा व्यवहार क्रमांकाचा कॉलम बऱ्याचदा सगळ्यात जड निघतो. पॉवर बीआयमध्ये ‘ऑटो डेट टाइम’ बंद करा. ते प्रत्येक तारखेच्या कॉलममागे एक लपलेलं टेबल बनवतं.

‘एकूण ओळ जुळत नाही’ ही इथली कायमची तक्रार. डॅक्स (या मॉडेलची सूत्रभाषा) मेजर एकूण ओळीत वरच्या ओळींची बेरीज करत नाही, तिथल्या संदर्भात पुन्हा मोजलं जातं. ओळींची बेरीजच हवी असेल तर त्या पातळीवर ‘सम एक्स’ लिहा. ‘कॅल्क्युलेट’मध्ये अख्खं टेबल ‘फिल्टर’ करू नका, लागणाऱ्या कॉलमवर अट घाला. दोन्ही दिशांचं फिल्टरिंग सवयीने चालू ठेवू नका. दोन फॅक्ट टेबलांमध्ये त्यातून संदिग्ध वाटा तयार होतात. वेग मोजायला डॅक्स स्टुडिओचं ‘सर्व्हर टायमिंग्ज’ पुरेसं आहे, स्टोरेज आणि फॉर्म्युला यांचा वेळ ते वेगवेगळा दाखवतं.

## टप्पा ८: आता रिपोर्ट

रिपोर्टिंग सर्व्हिसेसच्या डेटाबेसमध्ये ‘एक्झिक्युशन लॉग ३’ हा व्ह्यू आहे. त्यात प्रत्येक वेळी चाललेल्या रिपोर्टचे तीन वेळ मिलिसेकंदांत मिळतात: डेटा आणण्याचा, प्रोसेसिंगचा आणि रेंडरिंगचा (पानं उमटवण्याचा).

- डेटाचा वेळ मोठा: टप्पा ६ ला परत. पॅरामीटरच्या याद्या भरणारे डेटासेटही मोजा, लपवलेल्या पॅरामीटरचेसुद्धा.
- प्रोसेसिंगचा मोठा: गट पाडणं, फिल्टर आणि क्रमवारी रिपोर्टमध्ये चालू आहे. ती क्वेरीत न्या.
- रेंडरिंगचा मोठा: पानं. इंटरॲक्टिव्ह उंची शून्य ठेवली की अख्खा रिपोर्ट एकाच पानावर उमटतो. हजारो ओळींच्या रिपोर्टला ती शून्य न ठेवता ठरावीक उंची द्या.

आकड्याच्या चुका रिपोर्टमध्ये प्रामुख्याने दोन. गटाच्या एकूण ओळीत ‘सम’ वापरलेलं असतं. विक्रीला ते चालतं, साठा, टक्केवारी आणि डिस्टिंक्ट काउंटला नाही. तिथे ‘ॲग्रिगेट’ हे फंक्शन घाला, म्हणजे क्यूबने काढलेली एकूणच वापरली जाते. दुसरी चूक पॅरामीटरची: सदस्याचं युनिक नेम पाठवण्याऐवजी दाखवायचं नाव पाठवणं. दोन सदस्यांचं नाव सारखं झालं की चुकीचा डेटा येतो.

एक्सेलच्या पिव्होटमध्ये ओळींवर बरीच फील्ड टाकून सपाट यादी काढली जाते. न लागणाऱ्या मधल्या बेरजा बंद करा, क्वेरी बरीच हलकी होते. पण क्यूबमधून लाखो ओळींची यादी काढायची गरजच असेल तर ती थेट रिलेशनल टेबलावरून द्या. क्यूब त्यासाठी बनवलेला नाही.

> तपासणी: रिपोर्ट तक्रार करणाऱ्याच्या रोलने उघडून पाहा. डायमेन्शनच्या सुरक्षेत ‘व्हिज्युअल टोटल्स’ बंद असेल तर न दिसणाऱ्या सदस्यांची रक्कमही एकूणमध्ये येते. चालू केल्यास एकूण दिसणाऱ्या ओळींशी जुळते, पण तयार ॲग्रिगेशन अनेकदा उपयोगी पडत नाहीत आणि वेळ वाढतो. गोपनीयता महत्त्वाची असेल तर चालूच ठेवा आणि वेगाचं काम पार्टिशनवर करा.

## टप्पा ९: बदल खऱ्या सर्व्हरवर नेताना

एका वेळी एकच बदल न्या. चार बदल एकत्र नेले आणि आकडा हलला, तर कशाने हलला हे कळत नाही.

नेण्याआधी पंधरा-वीस एमडीएक्स क्वेऱ्यांचा एक संच करा: प्रत्येक मेजर ग्रुपची एकूण बेरीज, वर्षानुसार आणि महिन्यानुसार, अज्ञात सदस्यांची रक्कम, आणि आजवर तक्रार आलेला प्रत्येक सेल. बदलाआधी आणि बदलानंतर, मधल्या काळात नवा डेटा न भरता, दोन्ही निकाल जतन करून ताडून पाहा. जो फरक अपेक्षित होता तेवढाच दिसायला हवा. महिनाअखेरीचे रिपोर्ट निघण्याच्या आदल्या दिवशी काहीही नेऊ नका, आणि जुन्या क्यूबचा बॅकअप पुढचं रात्रीचं प्रोसेसिंग पूर्ण होऊन टप्पा ५ ची ओळींची तपासणी जुळेपर्यंत पुसू नका.